मामा पानावरून उठला नाही

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते, हसते आणि ताट धुऊन शांत झोपते. झपाटलेले फ्लॅट, पांढऱ्या साडीतल्या बायका… माझा काडीचा विश्वास नाही. नेटवर्किंगमध्ये पीएचडी केलेल्या बाईला आधी लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, बघायची सवय असते. तरी आज मीच लिहायला बसलेय. नवऱ्याला सांगून झालं, त्याला पटत नाही — आणि मला गप्प बसवत नाही.

२०१३च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सिंगापूरला युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहत होते. माझा मामा मिरजेला. मामी गेल्यापासून एकटाच. त्याच्याकडे मामीच्या आवाजाच्या कॅसेटी होत्या. गाणं वगैरे नाही, नुसतं घरातलं बोलणं. आम्ही भाचरं सुट्टीत जमलो की मामा टेपरेकॉर्डर चालू करून ठेवायचा. मामी कोणाला तरी ओरडतेय, लोणच्याची बरणी मागतेय, मध्येच खळखळून हसतेय… असं सगळं.

कॅसेटींना बुरशी लागायला लागली, तेव्हा मामाने म्हातारपणी कॉम्प्युटर शिकून त्या उतरवल्या आणि फाइल शेअरिंगच्या एका प्रोग्रॅमवर फक्त घरातल्यांसाठी ठेवल्या. मी सिंगापुरात, त्याचा मुलगा मंदार पुण्यात. फाइल तुकड्यातुकड्याने येते, आणि आलेले तुकडे आपणही पुढच्याला देत राहायचे, असा तो प्रकार. आपलं पूर्ण झालं म्हणून लगेच बंद करायचं नाही, ही त्यातली रीत. मामाला ती रीत भलतीच आवडली.

"अगं, पंगतच आहे ही," तो फोनवर म्हणाला. "शेवटच्याचं होईपर्यंत पानावरून उठायचं नाही!"

माझं पूर्ण झालं. मंदार अर्ध्यावर कंटाळला. "घरच्याच तर आहेत, घेईन कधीतरी." आणि मग मामाची हार्ड डिस्क उडाली. कॅसेटी त्याने आधीच टाकून दिल्या होत्या. मामीचा सगळा आवाज आता फक्त माझ्या लॅपटॉपवर होता.

मामाने नवी डिस्क घातली आणि माझ्याकडून सगळं परत घ्यायला बसला. मिरजेचं नेट मुंगीच्या पावलांनी चालायचं. रोज फोन — "आज तिचं हसणं आलं गं!" थोडंच राहिलं होतं, आणि हॉस्टेलने असले सगळे प्रोग्रॅम ब्लॉक केले. मला वॉर्निंगची मेल आली. परत सापडलीस तर नेट बंद, शिवाय डिपार्टमेंटला कळवू. स्टुडंट पासवर, म्हणजे शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

मी नेटवर्क ऑफिसात जाऊन समजावून पाहिलं, की हे चोरीचे पिक्चर नाहीत हो, माझ्या मामीचा आवाज आहे. तिथले अंकल बिचारे कळवळले.

"लीगल ऑल्सो कॅनॉट ला," ते इथल्या इंग्रजीत म्हणाले, म्हणजे कायदेशीर असलं तरी नाहीच. "सिस्टिम डोन्ट नो युवर आंटी."

मामाला म्हटलं, दिवाळीत येतेच आहे, डिस्कवर घालून घेऊन येते.

"ये ये," तो म्हणाला. "मी आहे बसलेला."

गणपतीतच गेला तो. थीसिस ऐन तोंडावर आलेला, मला जाताही आलं नाही. नंतर मंदारला विचारलं, रेकॉर्डिंग पाठवू का? "नको गं. आत्ता नाही ऐकवणार," म्हणाला. विषय तिथेच राहिला.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, सिंगापुरातच पुंगोलला भाड्याने फ्लॅट घेतला. एका रविवारी दुपारी जुना लॅपटॉप साफ करायला काढला. अमेय, माझा नवरा, किचनमध्ये चहा टाकत होता. मी सहज तो प्रोग्रॅम उघडला. इथलं नेट आमचं, अडवणारं कोणी नाही. यादीत मामाचं नाव — हिरवं, म्हणजे आत्ता चालू! आणि त्याचा राहिलेला भाग भरायला लागला होता.

मला वाटलं, मंदारने मामाचा कॉम्प्युटर लावला. चला, तयार झाला एकदाचा ऐकायला. चहा होईतो मामाच्या नावापुढे 'पूर्ण' आलं. मी खुशीत मंदारला फोन केला.

"कुठला कॉम्प्युटर?" मंदार म्हणाला. "तो मी तेव्हाच भंगारात दिला. डिस्क माझ्या हाताने फोडली. लाइनही कापलीय."

"तुझा लॅपटॉप उघड, तो प्रोग्रॅम लाव."

त्याने लावला. मग हळूच म्हणाला, "बाबा दिसतायत गं… आणि माझ्याकडे फाइल यायला लागलीय."

नावाचा घोळ असणार, फाइल माझ्याकडूनच जात असणार. मी लॅपटॉप बंद केला. राउटरची पिनसुद्धा ओढली.

"थांबलं?"

"नाही. येतंय."

माझ्याखेरीज ती रेकॉर्डिंग पूर्ण कोणाकडेच नव्हती. आम्ही फोन चालूच ठेवला. संध्याकाळी तो म्हणाला, "झालं माझं." आणि लगेच — "गेले."

ते नाव पुन्हा आम्हा दोघांनाही दिसलं नाही. मंदारने लॉग पाठवला, मी ओळ न् ओळ वाचली. फाइल आली एवढं आहे. कुठून आली, ती जागा रिकामी. अमेय म्हणतो, सॉफ्टवेअरचा बग. असेल. पण बगकडे माझ्या मामीचा आवाज कुठून आला? मला आजही सांगता येत नाही, आणि मी आता शोधणंही सोडलंय.

मंदार हल्ली ऐकतो. मला मात्र नाही जमत. आमच्या हॉस्टेलच्या कॅन्टीनशेजारीच कुरिअरचं काउंटर होतं. रोज जेवायला त्याच्यासमोरून जायचे. एक डिस्क टाकायची होती, बस… दिवाळी कशाला हवी होती?

मामा शेवटच्याचं होईपर्यंत बसून राहिला. त्याचं व्हायचं होतं, तेव्हा मी उठून गेले होते.