संत निवडायला धानोऱ्याला

बिशप चांद्याला येणार आणि माझं बाप्तिस्म्यानंतरचं राहून गेलेलं दृढीकरण होणार, हे ठरलं त्या दिवसापासून घरात जो तो मला संत सुचवू लागला. त्या विधीत आपल्या राखणदार संताचं नाव घ्यायचं असतं. सासूबाई म्हणाल्या, "आन्ना घे, कूस उजवन." हे म्हणाले, "अंतोनी घे, हरवलेलं सापडवून देतो. माझा चष्मा तरी मिळेल." अहो, संत मला हवा की तुमच्या चष्म्याला! माझं नाव वडिलांनी ठेवलं, आडनाव लग्नानं दिलं. हे एक नाव तरी मी ठरवणार होते. मला हवी होती शांत, गुलाबफुलांतली संत तेरेजा. आमचे फादर म्हणाले, "मी फिरतीवर धानोऱ्याला जातोय, तिथं येऊन सांगा." नणंद रोजा तिथंच राहते, विधीत माझ्या पाठीशी उभी राहणारी धर्ममाताही तीच होणार. निघाले.

चांदा फोर्टहून मूल गावापर्यंत छोटी गाडी आहे. खिडकीत बसाल तर डोळ्यांत कोळसा जातो, आतच बसा. मूलला मोटर "आत्ता सुटते" असं सांगून ड्रायव्हर जेवायला गेला. घरून भाकरी-चटणी न्यावी, स्टँडवरची भजी शिळी असतात. वैनगंगेशी मोटर थांबते. पुढं तापलेल्या रेतीतून पायी, मग डोंगा, पलीकडं दुसरी मोटर.

डोंग्यात मोहफुलांची टोपली घेऊन एक गोंड आजी शेजारी बसली.

"कुठी चालल्या बाई?"

"संत निवडायला," मी वैतागून खरं ते सांगितलं. "संत म्हणजे देवाचा माणूस."

"तुमी कितीक देवाचे जी?"

"एकाच."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "एकाच देवाचे? सारेच? मंग पोरी देता कोनाले?"

गोंडांत कुणी सहा देवांचे, कुणी सात देवांचे. सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही. तिला आमची काळजीच लागली. नावाडी हसून वल्हवायचा थांबला, डोंगा रेतीत रुतला.

"आन् देव का वांगे होत, बाई, निवडून घ्याले?" आजी उतरता उतरता म्हणाली.

धानोऱ्याला पोचले तर फादर आधीच आलेले. रोजा त्यांच्यापुढं चटईवर बसून रोमच्या गोष्टी ऐकत होती. मला म्हणाली, "वहिनी, तेवढं वरण टाक ना." मी पाहुणी! लाकडं ओली, घरभर धूर. शेवटी पळी घेऊनच दारात आले.

"फादर, ही तुमच्या पायाशी बसून ऐकते आणि मी एकटी राबते. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? सांगा ना हिला उठायला!"

फादर हसता हसता खोकायला लागले. रोजा म्हणाली, "वहिनी, अगं हे मार्थाचं बोलणं!"

खरंच की. शुभवर्तमानात मार्था येशूपाशी आपल्या बहिणीची हीच तक्रार करते, आणि बोलणी मार्थालाच बसतात.

"मी तेरेजाच घेणार," मी ठणकावलं.

"घ्या की," फादर म्हणाले. "पण वरण करपतंय."

परतीच्या वाटेवर रेतीत पाय पोळत होते तेव्हा मनात आलं, येशूनं मार्थाला सुनावलं, पण तो उतरायचा तिच्याच घरी.

बिशपांनी नाव विचारलं. "मार्था," मी म्हटलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

सासूबाई अजून फुगलेल्या आहेत, चष्मा अजून हरवलेलाच आहे. प्रवासाचं भाडं मी हिशेबात 'देवकार्य' म्हणून घातलं. चूल पेटत नाही आणि हे आतून चहा मागतात, तेव्हा आता मी गोड प्रार्थनेच्या खटपटीत पडत नाही. "बघितलंस ना, मार्थाबाई?" एवढंच म्हणते. तिला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.