शेंदूर पुसणारे मास्तर

मास्तरांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी रॉकेलची बाटली असायची. भाकरीला वास लागायचा. आम्ही शिक्षकखोलीत नाकाला पदर लावायचो. ते शांतपणे जेवायचे आणि शाळा सुटली की तीच बाटली आणि एक फडकं घेऊन येडशीच्या रस्त्याला लागायचे. दगडांवरचा शेंदूर पुसायला.

धाराशिवच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी मराठी. पोरांनी त्यांचं नाव दगडमास्तर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरच्या गायरानावर खडी फोडायचं काम निघालं होतं. पाऊस आला, काम थांबलं, न फुटलेले मोठे दगड तिथंच पडून राहिले. मास्तरांनी तहसीलीत जाऊन तोंडी परवानगी काढली आणि दर रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन बसू लागले. पाच-सहा वर्षांत दहा-बारा दगड उभे राहिले. एक वाकलेला, एक आरपार भोक पडलेला, एक नुसताच पिळवटलेला. मास्तर त्यांना माणसं म्हणत, पण ना नाक, ना डोळे. मास्तर त्या माळाला संग्रहालय म्हणत. "भिंत न्हाय, दार न्हाय, तिकीट न्हाय," असं वर ऐकवत.

माझे सासरे अडतीचे व्यापारी, घरात कानडी बोलणारे. त्यांना एकदा मी तिथं नेलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून ते सगळीकडे फिरले आणि म्हणाले, "इदेनु मास्तर? हे काय केलंय? माणसं म्हणता, तर तोंडं कुठं हायत?"

मास्तर हसले. "मालक, तोंड दिलं की लोक इचारत्यात, कुणाचं? आन् ते कळलं की इचारत्यात, कुणातलं? म्हणून दिलंच न्हाय."

 परतताना सासरे वाटेत एवढंच म्हणाले, "माणूस लई जळालेला हाय."

जळालेलाच होता. वाकलेला दगड ही त्यांची धाकटी बहीण होती, शांता. दुष्काळात ती त्याच कामावर पाट्या वाहायची. मास्तर तेव्हा नळदुर्गला नोकरीत. कामावर पाण्याचा रांजण होता, पण बौद्धवाड्यातल्या बायांनी त्यात हात घालायचा नाही, वरून वाढलेलं प्यायचं. वाढणारा जेवायला गेला होता. शांता रांजणापाशी ओंजळ धरून बसली, ती उठलीच नाही. मास्तरांनी हे मला एकदाच सांगितलं, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तशा आवाजात. त्या दगडाच्या माथ्यावर त्यांनी ओंजळीएवढा खोलगा कोरला होता. दर रविवारी आधी त्यात पाणी ओतायचे, मग कामाला बसायचे. चिमण्या यायच्या.

पण आपल्या मुलखात बिनतोंडाचा दगड उभा दिसला की तो माणूस कसा असेल? तो देवच. तुळजापूरपासून बांधाबांधापर्यंत आपण हेच करत आलो. सोमवारी रामलिंगला दर्शनाला जाणाऱ्या बाया वाटेत थांबायच्या, शेंदूर-तेल माखायच्या, नारळ फोडायच्या. मास्तर येऊन पुसायचे. एकदा एका म्हातारीनं त्यांना पुसताना पकडलं. मी तिथंच होते.

"आरं, देवीला पुसतूस? हात झडतील तुजं!"

"मावशी, ही देवी न्हाय. बाई हाय."

"मंग बाईच्या पाया पडलं तर काय बिघडतंय?"

"पाया पडू नका, मावशी. पाणी घाला."

म्हातारीनं त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि निघून गेली. पाणी काही घातलं नाही.

पुढं तालुक्यात सहकारी सूतगिरणी निघाली. तिच्यासाठी रस्ता रुंद करायचा ठरलं आणि तो नेमका त्या माळावरून आखला गेला. खडीचं काम एका मजूर सोसायटीला मिळालं. तिचे चेअरमन माणूस वाईट नव्हते. स्वतः शाळेत आले, मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, माजा नाइलाज हाय. पर देवाला माजे मजूर हात लावणार न्हाईत, आन् सायब बी रस्ता वळवील. तेवढं समजून घ्या."

मी समजून घेतलं. त्याच संध्याकाळी बाजारातून शेंदूर आणि तेल आणून मास्तरांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "पुसू नका म्हणजे झालं. तुम्हाला लावायचा नसेल तर मी लावते."

मास्तरांनी पुडी हातातही घेतली नाही. "बाई, छप्पन साली माज्या आईनं घरातलं सगळं शेंदराचं देव टोपल्यात घालून बारवात सोडलं. शांता तवा तिच्या कडंवर व्हती. आता त्याच शेंदरानं तिला झाकू व्हय?"

"पण दगड राहतील, मास्तर!"

"दगड ऱ्हाईल. पर ती देवी झाली, की तिला तहान लागली व्हती हे कोण ध्यानात ठिवील?"

मी रागानं घरी आले. खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही. जे उभं आहे ते आधी वाचवावं, अर्थ मागाहून सांगता येतो, असं मला वाटतं. मास्तरांना तसं वाटत नव्हतं, आणि बहीण त्यांची होती.

फोडायला बाया आल्या त्या दुष्काळातल्या कामावरच्याच, आता केस पिकलेल्या. शांताच्या दगडापाशी एकीनं घण उचलला तेव्हा मास्तर पुढं झाले. "हिला मी फोडतो. परका हात नगं." त्यांनी खोलगा भरून पाणी ओतलं, वरून सांडलेलं ओघळून जाईपर्यंत थांबले आणि मग घण घातला. फार वेळ लागला. मी बघू शकले नाही, पाठ करून उभी राहिले, पण आवाज ऐकू येतच होता. शेवटी ते खाली बसले तेव्हा त्या बाईनं आपल्या कळशीतलं पाणी तांब्यात भरून तांब्याच त्यांच्या हातात दिला. ते प्याले आणि मग रडले.

कडेचा एक दगड मात्र उरला. आदल्याच दिवशी कुणीतरी त्याला शेंदूर लावला होता आणि मजुरांनी तो सोडून दिला. लोक मास्तरांना म्हणाले, तेवढा तरी वाचला. मास्तर म्हणाले, "त्यो तर पयला गेला." पिशवीतली रॉकेलची बाटली त्या दिवसापासून दिसली नाही. निवृत्तीनंतर दोन उन्हाळेही त्यांनी काढले नाहीत.

आता त्या दगडावर पत्र्याची शेड आहे, पुजारी आहे, चैत्रात जत्रा भरते. येडशीला जाताना मी एसटीतून उतरते आणि शांताचा दगड उरला नाही म्हणून घरून भरून आणलेला तांब्या याच दगडावर ओतते. मागच्या खेपेला पुजाऱ्यानं हटकलं. "बाई, देवीला तेल वाहत्यात. पाणी कशापायी?"

मी म्हटलं, "तेल तुम्ही वाहा. तिला प्यायला पाणी कुणी दिलं नव्हतं."

"देवीला?" त्यानं विचारलं.


मी उरलेलं पाणी ओतलं आणि रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले.