चार चाकांचा चावा

कवळीवाल्यांच्या घरात आजवर एकही वस्तू कवळीवाल्यांच्या पसंतीने आलेली नव्हती. पडदे बायकोने निवडले, कपाट बायकोने, दुकानावरची पाटी बायकोने. चष्म्याची फ्रेमसुद्धा तिनेच, आणि तीही हे डोळे तपासायला आत बसलेले असताना. मिशी तेवढी त्यांची स्वतःची होती, पण तिची लांबी घरात ठरायची. बिचाऱ्यांची तक्रार नव्हती. दिवसभर मागच्या खोलीत बसून लोकांचे दात बनवायचे, प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडायचे, आणि जेवायला हाक आली की हात धुऊन जायचे, असा त्यांचा सरळ संसार.

अशा माणसाने एके दिवशी, कुणाला न विचारता, वापरलेली पण भारीतली, लांबलचक पाठीची, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली वॅगन घेतली. आता बोला.

घेतली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. जुन्या गाड्यांच्या त्या आवारात सेल्समनने बॉनेट उघडून इंजिन दाखवलं, तर यांनी बघितलंही नाही. खिशातून निळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. कवळी तोंडात बसवल्यावर पेशंटच्या दातांमध्ये हा कागद ठेवून चावायला सांगतात. जिथे जास्त निळं उमटतं, तिथला दात उंच झाला असं समजायचं आणि घासायचा. यांनी जमिनीवर पांढरे कागद अंथरले, त्यावर निळे ठेवले आणि म्हणाले, "हं, आता गाडी सावकाश यावरून घ्या."

"काका, हे काय चाललंय?"

"चावा बघतोय."

"गाडीचा?"

"मग काय तुमचा? तुमचा तर आल्या आल्याच बघितला. उजवीकडची वरची दाढ दाखवून घ्या एकदा."

सेल्समनने त्यानंतर हसणं बंद केलं आणि तोंड मिटून गाडी पुढे घेतली. चारही कागदांवर चार सारखे ठसे उठले. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. कवळीवाल्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. इतका नेमका चावा त्यांच्या स्वतःच्या हातून फार थोड्या वेळा उतरला होता. किंमत, मायलेज, आधीचा मालक कोण, काही काही विचारलं नाही. जुनी गाडी तिथेच देऊन टाकली आणि सही केली. सेल्समननेच दया येऊन सांगितलं, "रविवार संध्याकाळपर्यंत परत आणू शकता हं. तोवर तुमची जुनी विकत नाही."

घरी फाटकात बायको उभीच होती.

"ही कुणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे... मी घेतली."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं. मग बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांची कंबर जुनी दुखरी, डावा पाय टेकताना टाच जपून टाकायच्या. फेरीला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कवळीवाल्यांना घाम फुटला.

"हिच्यात विशेष काय आहे?"

"चारही चाकं ओढतात."

"आपल्या जुनीला चार चाकं नव्हती? ती काय शोभेला लावली होती?"

"होती ना. पण ओढायची दोनच."

"आणि बाकीची दोन काय करायची?"

"ती नुसती मागून यायची."

"तुमच्यासारखी," बाई म्हणाल्या. "बरं, हे ओढणं लागतं कुठे?"

"चिखलात. चढावर. बर्फात."

बाईंनी गल्लीकडे बघितलं. गल्ली पोळपाटासारखी सपाट. चढ म्हणावा तर कोपऱ्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या दारातली एक पायरी. बर्फ फक्त फ्रिजमध्ये. आणि चिखलाचं म्हणाल तर कित्येक आठवड्यांत ढगसुद्धा इकडे फिरकला नव्हता.

"रविवारपर्यंत," त्या म्हणाल्या, "जुनीला जमत नव्हतं असं एक तरी काम हिने करून दाखवावं. नाहीतर ही परत. तुमची हौस म्हणून मी अंगणात हत्ती बांधायची नाही."

झालं! प्रश्न गाडीचा राहिलाच नाही. साऱ्या आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेली एक वस्तू, आणि ती ठेवायची तर चिखल हवा. कवळीवाले चिखल शोधायला निघाले. नदीकाठी गेले तर तिथे फरशा बसवलेल्या. तलावाला कठडा. बांधकामाच्या जागेवर झकास राडा दिसला, पण वॉचमन म्हणाला, "काम काय तुमचं?" आता काय सांगणार? "चिखलात जायचंय," असं म्हणाले, तर त्याने फाटकच लावून घेतलं.

घरी आल्यावर गाडी पुसायचं काम मात्र बाईंनी आपणहून स्वतःकडे घेतलं. "परत द्यायची तर स्वच्छ द्यावी माणसाने," असं म्हणत सकाळच्या गारठ्यात फडकं घेऊन जायच्या आणि आत बसून, दार लावून पुसायच्या. बराच वेळ पुसायच्या. एकदा तर मटार सोलायला घेऊन गेल्या. या गाडीच्या सीटा बटण दाबलं की पाठीमागून, कमरेपासून गरम व्हायच्या. पण बाईंना ते कसं कळणार? त्यांना तर गाडी मुळीच पसंत नव्हती.

शुक्रवारी कवळीवाल्यांना एकदम सुचलं. चिखल सापडत नसेल तर आपण करू! आयुष्यभर पावडर आणि पाणी कालवण्यापलीकडे केलंय काय? गल्लीच्या टोकाला मोठ्या रस्त्यापर्यंत एक कच्चा मातीचा पट्टा होता. गल्लीतल्या प्रत्येक गाडीला तिथूनच जावं लागे. आणि मागच्या खोलीत मुदत संपलेल्या प्लास्टरची पोती पडून होती. त्या प्लास्टरने त्यांना भारी छळलं होतं. कितीही कालवा, साचा म्हणून धरत नव्हतं, नुसता लगदा. लगदाच तर हवा होता! पोती ओतली, पाणी ओतलं, फावड्याने पट्टा ढवळत पुढे गेले. मोठ्या रस्त्याला लागून थोडीशी जागा राहिली, तिथे पोहोचेपर्यंत प्लास्टर संपलं. चेहऱ्यापासून चपलेपर्यंत पांढरेफटक होऊन ते घरी गेले.

आणि शनिवारी सकाळी काय? जन्मात पहिल्यांदाच ते प्लास्टर वेळेवर धरलं. असं धरलं, असं धरलं, की पट्टा संगमरवरासारखा गुळगुळीत झाला. पोस्टमास्तर त्यावर सपाता घालून फेऱ्या मारत होते.

"वा, कवळीवाले! इतकी वर्षं अर्ज करून जे झालं नाही ते तुम्ही एका दिवसात केलंत! स्वतःच्या खर्चाने रस्ता!"

"अहो, तो रस्ता नाहीये."

"केवढा हा विनय!" असं म्हणून त्यांनी यांना मिठी मारली. मागोमाग आणखी चार जणांनी मारली. एका आजींनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

बाई फाटकात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. "छान," त्या म्हणाल्या. "आता तर खेळण्यातली गाडीसुद्धा जाईल."

कवळीवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. किल्ली ताटाशेजारी ठेवली होती. "उद्या नेऊन देतो," एवढंच म्हणाले. बाईंनी भाजी वाढली. "संध्याकाळपर्यंत मुदत आहे ना? मग उगाच सकाळी उठून धावायला नको," म्हणाल्या. आणि मग, काही संबंध नसताना, "सीटा तेवढ्या बऱ्या आहेत मेल्या."

रविवारी सकाळी गल्ली जागी झाली ती पोस्टमास्तरांच्या ओरडण्याने. त्यांची चिमुकली गाडी पट्ट्याच्या शेवटी, प्लास्टर न पुरलेल्या त्या जागेत, पोटापर्यंत रुतली होती. तिथे रातोरात चिखल झाला होता. तोही साधासुधा नाही, तुपासारखा दाट! चाकं गरागरा फिरत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. पोस्टमास्तर मात्र चिखलाने माखत होते.

"कुणीतरी माझी बागेची नळी सोडून ठेवली!" ते बोंबलत होते. "माझ्याच नळीचं पाणी आणि माझीच गाडी!"

कवळीवाल्यांनी चप्पलही घातली नाही. धावत जाऊन वॅगन काढली. प्लास्टरवरून सरसर गेली, चिखलात उतरली, जराशी डुलली. गल्लीने श्वास रोखला. चारही चाकांनी एकदम चावा घेतला आणि गाडी पोस्टमास्तरांच्या शेजारून तरंगत पलीकडे मोठ्या रस्त्यावर गेली. दोर बांधला, ओढलं, आणि चिमुकली गाडी बाटलीचं बूच निघावं तशी बाहेर आली. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी पुन्हा मिठी मारली, या वेळी चिखलासकट.

"जुनीने ओढली असती का हो?" कवळीवाल्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कुठली ओढतेय! ती रुतली असती माझ्या शेजारी!"

बाई हळूहळू चालत तिथवर आल्या होत्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "चार लोकांच्या उपयोगाला पडते म्हटल्यावर परत काय द्यायची? राहू दे."

"नक्की?"

"किती वेळा सांगू? आणि चहा गार होतोय."

लोक पांगले. कवळीवाले दोर गुंडाळायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. चिखलाच्या कडेला, नळीच्या तोंडापाशी, सपातांचे ठसे होते. दुसऱ्या कुणाला ते नुसते ठसे दिसले असते. पण हा माणूस जन्मभर मऊ पदार्थात उमटलेली मापं वाचत आलेला. उजवा ठसा खोल, साफ. डाव्याचा चवडा खोल, टाच मात्र अलगद, जपून टेकलेली. प्रत्येक पावलाला तसंच. इतकं स्वच्छ माप पेशंट तोंडाचंही देत नाहीत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग घरी जाऊन ताज्या पोत्यातलं, चांगलं महागातलं प्लास्टर एका वाडग्यात कालवलं, परत येऊन डाव्या ठशात हळूच ओतलं आणि धरेपर्यंत राखणीला उकिडवे बसले. पोस्टमास्तरांनी लांबून विचारलं, "आता काय, फूटपाथ?" त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई मागच्या खोलीत चहा घेऊन आल्या. फळीवर जबड्यांच्या रांगेत, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधोमध, एक पांढरं पाऊल उभं होतं.

"हे कुणाच्या तोंडाचं?"

"तोंडाचं नाही ते."

"मग?"

"एक पेशंट आहे. कबूल करत नाही काही, पण माप फार सुरेख देते."

बाईंनी पाऊल उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, पदराने त्यावरची पावडर झटकली आणि होतं तिथे, जरा सरळ करून ठेवलं.

"टाच नीट नाही आली," त्या म्हणाल्या.

"कंबर दुखत असेल तिची."

"असेल." बाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या इकडे. गाडी पुसायची राहिलीये. आणि हे बघा, जेवायला हाक मारायला याल तेव्हा काचेवर टकटक करा. आत ऐकू येत नाही."