रक्ताची साक्ष

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशी उंदरांचे पिंजरे घासत होत्या, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. बावीस वर्षांच्या या कामावरच मावशींचं घर चालायचं. अलीकडे पिंजऱ्यांजवळ त्यांची छाती आवळायची. धुळीचा त्रास आहे, असं त्या सांगायच्या.

काचेच्या दोन नळ्यांत माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूची एकेक पट्टी टांगली होती. एक साध्या द्रावणातली, दुसरी रात्रभर मावशींच्या रक्तद्रवात भिजवलेली.

"माझ्या रक्तातली पट्टी नाही हलली, तर मला कामावर ठेवाल ना?" मावशींनी विचारलं.

"ठेवू."

बाईंनी दोन्हींत उंदरांच्या अंगावरच्या कोंड्याच्या अर्काचा थेंब सोडला. पहिली पट्टी ढिम्म राहिली. दुसरी आकसली आणि तिला जोडलेला मापकाचा काटा सरसर वर गेला.

"तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं या पट्टीला चिकटलीत, म्हणून ती थेंबभरानं आवळली. छातीतही हेच होतंय, मावशी. एखाद्या दिवशी श्वास पुरता अडकेल."

"घरचाच भेदी निघाला म्हणायचा!" मावशी हसल्या आणि लगेच त्यांनी बाईंची बाही धरली. "तोंडाला फडकं बांधते. पुन्हा एकदा करून बघा ना."

बाईंनी तशीच भिजवलेली नवी पट्टी टांगली. तीही आकसली.

उद्या सकाळी सात वाजता पिंजरे धुवायला दुसरी बाई येणार आहे.