कंठातलं हाड

नाटकाचा तिसरा प्रयोग संपला तेव्हा गंगव्वा केरसुणी घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली. ती नाट्यगृहात झाडलोट करते. तिन्ही प्रयोग तिने दाराशी उभं राहून पाहिले होते.

"डॉक्टरबाई, ते हाडाचं खरं हाय का?"

मी सोलापुरात फॉरेन्सिक मेडिसिनची डॉक्टर आहे. संशयास्पद मृत्यूंचं पोस्टमॉर्टेम करणं हे माझं काम. इथल्या एका हौशी संस्थेने एक गुन्हेगारी कादंबरी रंगमंचावर आणली, तेव्हा त्यातली डॉक्टरी मी तपासून दिली. दुसऱ्या अंकात पुरलेलं प्रेत उकरतात. डॉक्टर कंठातलं हाड उचलून म्हणतो, "हे तुटलंय. म्हणजे गळा आवळला." जबड्याखाली इंग्रजी यू आकाराचं हे लहानसं हाड असतं. मी पुढे एक वाक्य घातलं होतं: तरुण माणसात या हाडाचे भाग जुळलेले नसतात, तिथे नुसत्या तुकड्यांवरून काही ठरत नाही. दिग्दर्शकाने ते कापलं. "मॅडम, आपला मेलेला सत्तर वर्षांचा. तरुणांचं कशाला?" मला ते पटलं.

गंगव्वाची मुलगी बावीस वर्षांची होती, मोहोळकडे दिलेली. झोपेत गेली, असं सासरच्यांनी सात महिन्यांपूर्वी कळवलं. आई पोचली तेव्हा मुलीच्या गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला होता. तो सोडून गळा बघू दिला नाही.

"आमच्यात जाळत न्हाईत बाई. बसवून पुरत्यात. हाड असंल की तितं."

मी तिला पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं. हाडावरून कळेलच असं नाही, हेही सांगितलं. पण तीन प्रयोगांत तिने दुसरंच ऐकलं होतं.

जबाब आणि प्रेत उकरण्याचा तहसीलदारांचा हुकूम यात दीड महिना गेला. मग एका सकाळी कनात बांधून खड्डा उघडला. मुलगी मांडी घालून बसलेली होती, डोकं खाली गळालेलं. फक्त हाडं उरली होती. गळ्याखालची माती मी चाळून घेतली. त्या हाडाचे तीन तुकडे मिळाले. ते ट्रेमध्ये ठेवले.

"तुटलंय," कनातीच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपलीकडून गंगव्वा हळूच म्हणाली.

तपासाचे सब-इन्स्पेक्टर माझ्याजवळ वाकले. "मॅडम, तसंच लिहा. केस उभी राहते."

मी भिंगाखाली कडा पाहिल्या. तुटलेल्या हाडाची कड खडबडीत असते. या गुळगुळीत होत्या. ते हाड तुटलं नव्हतं, अजून जुळलंच नव्हतं. म्हणून गळा आवळला नाही, असंही म्हणता येत नव्हतं. या वयात आवळूनही हे हाड सहसा मोडत नाही. जे कळायचं ते कातडीवर आणि मांसात कळलं असतं, आणि तेही पुरण्याआधी.

मी लिहिलं: मृत्यूचं कारण सांगता येत नाही.

कनातीबाहेर जाऊन गंगव्वाला मीच सांगितलं.

"मग नाटकात तसं का म्हनत्यात?"

"पुढचं एक वाक्य कापलं होतं."

"कुनी?"

"दिग्दर्शकाने. मी कापू दिलं."

"म्हंजे पोरीला मी उगंच उठवली," ती म्हणाली.

मुलीची हाडं पुन्हा तशीच बसती रचून माती लोटली. पोलिसांनी केस बंद केली.

आता मी कुणालाही सल्ला लेखी देते, आणि त्याखाली लिहिते: घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. नाटकात ते वाक्य परत घातलं आहे. दिग्दर्शकाची तक्रार आहे की तिथे प्रेक्षक चुळबुळ करतात. करू देत. गंगव्वा तेवढा अंक बाहेर पायरीवर बसून काढते.