रत्नाताईंनी शिवलेला कोट

न्यू जर्सीतल्या आयसेलिनला ओक ट्री रोडवर ज्या दुकानातून मी साड्या घेते, त्याच्या मागच्या खोलीत रत्नाताई शिवत बसतात. पडदा सारला की आधी मशीन दिसतं, मग टांगलेले ब्लाउज, आणि त्या ब्लाउजांच्या मधून रत्नाताईंचा चष्मा. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत. दिवाळीनंतर कोणाचं माप किती वाढलं हेही ठाऊक असतं, पण ते पोटात ठेवतात. गणपतीत एखादीच्या ब्लाउजचं कौतुक झालं तर ती म्हणते, "अगं, ओक ट्रीवर शिवला." जसा काही रस्त्यानेच शिवून दिला. मीसुद्धा तसंच म्हणायची.

रत्नाताई कोल्हापूरच्या. त्यांचे वडील, आबा, तिथल्या एका सिनेमा स्टुडिओच्या कपडेपटात शिंपी होते. राजांचे अंगरखे, इन्स्पेक्टरांचे गणवेश, नाचणाऱ्या बायकांच्या चोळ्या, सगळं त्यांच्या हातचं. सिनेमा लागला की आबा घरच्यांना घेऊन जायचे, आणि पडद्यावर नावं यायला लागली की खुर्चीत पुढे सरकून बसायचे. त्यांचं नाव एकदाही आलं नाही. रत्नाताईंनी हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले. हसायला नको होतं.

आता माझ्या मुलीविषयी. प्रीता सोळा वर्षांची आहे. ती मांगा नावाच्या जपानी कॉमिक्समध्ये आणि ॲनिमे नावाच्या जपानी कार्टून्समध्ये राहते. आमच्याकडे फक्त जेवायला येते. मार्चमध्ये तिने जाहीर केलं की मे महिन्यात ॲनिमेवेड्यांचं संमेलन आहे, आणि तिथल्या पोशाखाच्या स्पर्धेत ती उतरणार आहे. पात्र ठरलेलं होतं. लाल वाळूच्या कुठल्याशा ग्रहावर यांत्रिक घोड्यावरून टपाल पोचवणारी एक बाई, अंगात घोट्यापर्यंत लांब कोट. प्रीताने स्वतःच तो शिवायला घेतला. दोन आठवड्यांत कापडाचा सत्यानाश झाला, एक बाही उलटी लागली आणि घरात दारं आपटायला लागली. कॉलेजच्या अर्जात असं बक्षीस किती शोभून दिसेल, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मी तिला गाडीत घातलं आणि रत्नाताईंसमोर उभं केलं.

नियम मला माहीत होता. पोशाख स्पर्धकाने स्वतः शिवलेला असावा, असं फॉर्मवर ठळक लिहिलं होतं. पण शाळेचं प्रोजेक्ट मुलांनीच करायचं असतं, हे आपल्याकडे कधी कोणी मनावर घेतलंय? चौथीत प्रीताचा ज्वालामुखी तिच्या बाबांनी बनवला, म्हणजे आमच्या परीक्षितने, मी तो रंगवला आणि पहिलं बक्षीस प्रीताने घेतलं. त्याच चालीवर हेही होणार होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

प्रीताने टॅबवर चित्रं दाखवली. रत्नाताईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांनी चित्र मोठं केलं, पुन्हा मोठं केलं.

"हे जपानी?" त्या म्हणाल्या. "हा तर आमच्या आबांचा कोट की."

"नो मावशी, इट्स ओरिजिनल. जपानमध्ये डिझाइन केलंय."

"असू दे. मागं बघ, पार कमरेपर्यंत चीर आहे. कशाला? घोड्यावर बसायला. डोक्यावरची हॅट बघ. आणि रिकाम्या रस्त्यात दोघं समोरासमोर उभी आहेत, ती बघ. काउबॉयचं पिक्चर आहे हे, दुसरं काय."

मग आम्हाला गोष्ट ऐकायला मिळाली. रत्नाताई सात-आठ वर्षांच्या असताना एका निर्मात्याला आपल्या डाकूसाठी असा विलायती कोट हवा होता. नमुना कुठेच मिळेना. शेवटी गावात लागलेल्या एका इंग्रजी सिनेमाला त्याने आबांना बसवलं. आबा अंधारात वहीवर कोट काढत होते आणि शेजारी बसून रत्नाताई पेन्सिली धरत होत्या. इंग्रजी दोघांनाही कळत नव्हतं. एका ठिकाणी घोड्यावरून उतरलेला माणूस मांडीजवळ काहीतरी सोडतो, ते काय हे आबांना उमगेना. त्यासाठी त्यांनी तीन शो पाहिले. कोटाच्या आत, घोळाला, एक पट्टा होता. तो मांडीला बांधला की घोडा उधळला तरी कोट वाऱ्यावर उडत नाही. निर्माता म्हणाला, पडद्यावर दिसणार नाही, सोडून दे. आबांनी तरी लावलाच.

प्रीताचे डोळे चमकले. ज्या चित्रकाराचा हा मांगा, त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं म्हणे, की लहानपणी तो वडिलांच्या मांडीवर बसून टीव्हीवर अमेरिकन काउबॉय बघायचा. मांगातले ते टपोरे डोळेही जपान्यांनी जुन्या अमेरिकन कार्टून्सवरून उचलले आणि आपले करून टाकले, असंही तिने आम्हाला ऐकवलं. म्हणजे अमेरिकेचा कोट जपानला गेला, कोल्हापूरला गेला, आणि आता न्यू जर्सीत जन्मलेली माझी पोर तो जपानी म्हणून कोल्हापूरच्या बाईकडून शिवून घेणार होती. मला घेरीच आली.

रत्नाताई मात्र सगळी चित्रं पुन्हा बघत होत्या. "तुझ्या जपानी दादानं पट्टा काढलाच नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच बघितलं असणार पिक्चर. मी लावते."

निघताना मी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, कोट प्रीताने शिवला असंच सांगायचंय हं. परीक्षक विचारतील, तर तेवढी उत्तरं तिच्याकडून पाठ करून घ्या."

रत्नाताईंनी दातांनी दोरा तोडला. "बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतरी आपलं नाव कुठं येतंय." मग म्हणाल्या, "मला बघायला नेशील तेवढं?"

सहा आठवडे दर शनिवारी त्या कोट शिवत होत्या आणि प्रीता पाठांतर करत होती. अस्तर कसं बेतलं, कॉलरला आधार कशाचा, काजं हाताने का केली. पोरीला सगळं तोंडपाठ झालं. सुई मात्र तिने हातात धरली नाही.

संमेलन एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. पंख लावलेल्या, तलवारी घेतलेल्या, निळ्या केसांच्या गर्दीतून इरकल नेसलेल्या रत्नाताई सरळ चालत होत्या, आणि एक-दोघांनी तर त्यांचा पोशाख कुठल्या ॲनिमेमधला म्हणून विचारलंही. परीक्षकांच्या टेबलाशी दोघं होते, एक दाढीवाला आणि एक तरुण मुलगी. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर कोट उलटा केला. आतली शिलाई बघूनच निम्मे गुण देतात, हे मला नवीन होतं. बावीस वर्षांत रत्नाताईंचं काम कोणी उलटं करून बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

प्रीताने धडाधड उत्तरं दिली. दाढीवाला मान डोलावत होता. मग त्याने तो पट्टा उचलला. हे काय आहे, मूळ चित्रात तर नाही, चित्राशी जुळलं नाही तर गुण जातात, असं तो म्हणाला.

पट्ट्याची गोष्ट प्रीताला येत होती. पण आबांचं नाव न घेता ती सांगायची कशी? तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. "ओह, दॅट्स अ मिस्टेक," ती म्हणाली. "आय कॅन कट इट ऑफ." टेबलावर कात्री होतीच. तिने ती उचलली.

"नो मिस्टेक," रत्नाताई म्हणाल्या.

गोऱ्या माणसाशी हॅलो आणि थँक्यूच्या पुढे कधी न गेलेली बाई ती. त्या पुढे झाल्या. प्रीताच्या हातातून कात्री काढून त्यांनी टेबलावर ठेवली, तिला कोट घातला, एका खुर्चीवर उलटं, घोड्यावर बसवावं तसं बसवलं आणि पट्टा तिच्या मांडीला बांधला. मग घोळ धरून जोरात ओढला. तो जागचा हलला नाही. "फॉर हॉर्स," त्या म्हणाल्या. "विंड कम, कोट नो फ्लाय. माय फादर सी थ्री शो."

टेबलामागची मुलगी जागची उठली. "सो हू मेड धिस कोट?" तिने विचारलं.

मी मागून रत्नाताईंचा पदर ओढला. खरंच ओढला. प्रीताने मला ओढताना पाहिलं. रत्नाताईंनी मागे वळूनही बघितलं नाही, नुसता माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला.

"मी," त्या म्हणाल्या. आणि परीक्षकांना कळलं नसेल असं वाटून पुन्हा, "आय मेड."

प्रीता खुर्चीवरून उतरली, छातीवरचा स्पर्धकाचा नंबर काढला आणि टेबलावर ठेवला. "शी डिड. ऑल ऑफ इट. सॉरी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

बक्षीस अर्थातच गेलं. पण परीक्षकांनी तो कोट आम्हाला लगेच नेऊ दिला नाही. आतली बाजू बाहेर करून त्यांनी तो एका पुतळ्यावर चढवला, आणि संध्याकाळपर्यंत शिवणारी पोरं-पोरी येऊन त्याच्याजवळ वाकून बघत होती, फोटो काढत होती. रत्नाताई पुतळ्याशेजारी उभ्या राहून प्रत्येकाला आपल्या इंग्रजीत सांगत होत्या. मी तीनदा खुर्ची आणून दिली, त्या बसल्या नाहीत.

परतताना गाडीत माझा राग उतरला नव्हता. रूट सत्तावीसवर सिग्नलला थांबले तेव्हा तो बाहेर पडलाच. "ताई, सांगायचं नाही असं ठरलं होतं आपलं. पोरीचं बक्षीस गेलं."

"गेलं की," रत्नाताई म्हणाल्या. "पण ते तिचं कुठं होतं, विनीता?"

मला लाज वाटली, आणि सिग्नल हिरवा झालेला मला मागच्या गाडीने हॉर्न दिल्यावर दिसला.

मग मागच्या सीटवरून प्रीताने चक्क मराठीत विचारलं, "मावशी, शनिवारी येऊ? मला खरंच शिवायला शिकवशील?"

"ये," रत्नाताई म्हणाल्या. "आईला घरी ठेव."