भोकाचं मडकं

मामा गेल्याचं सांगताना मामी रडली नाही. "मामा गेले गं. चहा अर्धा राहिला त्यांचा," एवढंच फोनवर म्हणाली, आणि मग, "गाडी दामटत येऊ नकोस, ते आता कुठे जात नाहीत." ती अशीच बोलते. मी खोपोलीहून तडक निघाले, पण कर्जतच्या पुढे रस्त्याचं काम काढलेलं, एक डंपर आडवा... कशेळ्याला पोचले तेव्हा पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली होती. अंगणात गोवऱ्यांचा धूर तेवढा राहिला होता. मामांचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. कोणावर राग, तेही ठरत नाही.

वाचकांपैकी फार थोड्यांनी मामांचं नाव ऐकलं असेल. मधुमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, सत्तरच्या दशकात नायजेरियाला गणित शिकवायला गेले. त्या काळी आपल्याकडचे बरेच शिक्षक जायचे आणि चार पैसे गाठीला बांधून, फ्रीज-टीव्ही घेऊन परत यायचे. मामांची शाळा त्या देशाच्या पूर्वेला, इग्बो लोकांच्या मुलखात होती. तिथली यादवी संपून फार काळ लोटला नव्हता. शाळेच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा होत्या, आणि तरी संध्याकाळी गावात गाणी सुरू व्हायची. घरी पेटी वाजवणारे मामा त्या गाण्यांच्या मागे लागले ते लागलेच. इग्बो भाषेत तोच शब्द वरच्या सुरात म्हटला की एक अर्थ, खालच्या सुरात दुसरा, म्हणून तिथे चाल शब्दाच्या मागून चालते, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. तिथल्या पोरांसाठी त्यांनी समूहगीतं रचली. म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून जन्माची, लग्नाची, मरणाची गाणी आणि त्यांच्यामागचा इतिहास गोळा केला, आणि त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. फ्रीज काही आला नाही. ध्वनिफितींची एक ट्रंक आणि एक मडकं घेऊन मामा-मामी परत आली, कशेळ्यात घर बांधलं, आणि मामा इथल्या शाळेत शिकवू लागले. तिकडच्या विद्यापीठांत त्यांचं पुस्तक वाचतात. इथे अर्ध्या गावाची समजूत अशी की मास्तर आफ्रिकेत हत्ती मोजायला होते. मामांनी ती कधी खोडून काढली नाही.

ते मडकं म्हणजे ऊडू. दिसायला आपल्या पाण्याच्या मडक्यासारखंच, मान जरा उंच, आणि कुशीत तळव्याएवढं गोल भोक. भोकावर तळवा मारला की आतून खोल, ओला आवाज यायचा, आणि दुसरा हात तोंडावर धरून उचलला की तो आवाज वळायचा. शेजारच्या न्गोझी नावाच्या बाईने ते स्वतः घडवून मामीला दिलं होतं. मामांना नाही, मामीला. तिकडे मडकी बायकाच घडवतात आणि ऊडू बायकाच वाजवतात. मामा ओसरीवर कागद घेऊन मात्रा मोजत बसायचे तेव्हा मामी परसात त्या बायकांत बसून वाजवायला शिकली. "ह्यांनी लिहिलं, मी वाजवलं," ती म्हणायची, "आणि व्याख्यानाला ह्यांना बोलावलं." मामा मान डोलवायचे. "खरंय. मी नुसता आवाज काढतो. वाजवते ती."

कशेळ्याच्या घरी कोणीही आलं तरी आधी सुपारी. इग्बो घरात पाहुण्यापुढे कोला नावाचं फळ ठेवतात, घरचा पुरुष त्याच्याशी चार शब्द बोलतो, पूर्वजांची आठवण काढतो, मग ते फोडून सगळ्यांना वाटतात. कोला इथे कुठून आणणार? मामांनी सुपारीवर भागवलं. अडकित्ता हातात धरून ते सुपारीशी इग्बोत बोलायचे आणि पाहुणे गप्प बसून बघायचे. "तिकडे म्हणतात, या फळाला इंग्रजी कळत नाही," ते सांगायचे. धर्मादादा कुंभार हे नेहमीचं गिऱ्हाईक. आठवडाबाजाराला मडकी मांडायच्या आधी त्यांची टेकायची जागा म्हणजे मामांची ओसरी. एकदा ते म्हणाले, "मास्तर, सुपारी आमची, रानात आमच्या वाढलेली, आनि तुमी तिच्याशी परदेशी बोलताव. तिला मराठी कळतंय का ते तरी बगा." मामा म्हणाले, "तूच बोलून बघ की रं धर्मा." धर्मादादा लाजले. "आमी काय बोलनार तिच्याशी," म्हणाले, आणि खांड तोंडात टाकलं.

याच दोघांत एका गोष्टीवरून कितीतरी वर्षं रस्सीखेच चालली होती. मामांनी उतारवयात तीन ऊडूंसाठी एक रचना बांधली. तीन बायका, तीन मडकी, तिघींचा सूर वेगळा, गाणं नाही, शब्द नाही. मला ती त्यांनी मांडीवर थापट्या मारून, तोंडाने बोल म्हणून ऐकवली होती. पण मडकं एकच. विकत मिळणारं एक त्यांनी मागवून बघितलं, दोन थापा मारल्या आणि म्हणाले, हा तर प्लास्टिकचा डबा. साध्या मडक्याला त्यांनी स्वतः भोक पाडायचा उद्योग केला, त्याच्या खापऱ्या मी झाडून काढल्यात. भोक पाडायला माती ओली असताना कुंभाराचाच हात हवा. आणि धर्मादादा हात लावायला तयार नव्हते. आपल्याकडे भोक पाडलेलं मडकं एकाच ठिकाणी लागतं. पाण्याचं मडकं खांद्यावर घ्यायचं, चितेभोवती तीनदा फिरायचं, दर फेरीला त्याला एक भोक पाडायचं आणि शेवटी मागे न बघता फोडायचं. "मास्तर, तुमी मागाल त्ये देतो," धर्मादादा म्हणायचे, "पन भोकाचं मडकं माज्या हातून जित्या मानसाच्या घरात जायाचं नाय. त्ये घरातलं एक पन मला डोळ्यांनी बगवत नाय." मला संताप यायचा. मी मामांना म्हटलं, दुसरा कुंभार बघा, पनवेलला बघा, कुठेही मिळेल. मामा म्हणाले, "अगं, मी जन्मभर दुसऱ्यांच्या चालीरीती जपून लिहिल्या. आणि माझ्या दारातल्या माणसाची मोडू? राहू दे. धर्मा देईल तेव्हा देईल." यावरही मी बोललेच, पण उपयोग झाला नाही. ती रचना मामांनी कधी ऐकली नाही.

मामा गेले त्या दिवशी पुरुषमंडळी नदीवरून परत आली. आंघोळी झाल्या, दिवा लावला, आणि माझं लक्ष फडताळाकडे गेलं. ऊडूच्या जागी धुळीत उमटलेलं वर्तुळ. माझा मामेभाऊ सुहास, मामांचा पुतण्या, ओल्या केसांनी कोपऱ्यात बसला होता. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यानेच अग्नी दिला होता. "मडकं कुठाय रे?" मी विचारलं. तो भांबावून बघायला लागला. झालं होतं असं की मडकं आणायला माणूस धर्मादादांकडे गेला, तर घराला कुलूप. दादा लेकीकडे कुंभिवलीला गेलेले. ऊन चढत होतं, सगळे ताटकळले होते. तेव्हा कोणीतरी फडताळावरचं बघितलं. आणि मामा नेहमी चेष्टेत म्हणायचे, "हे मडकं माझ्याबरोबर येणार हो." सुहासला वाटलं, काकांनी आपली तयारी आपणच करून ठेवली आहे. "भोकसुद्धा पाडून ठेवलं होतं गं त्यांनी," तो कळवळून म्हणाला. "मला दोनच पाडावी लागली."

मी त्याला काय काय बोलले असते, देव जाणे. पण आतून मामीचं हसू ऐकू आलं. भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून ती हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मलाही मग आवरेना.

दिवसकार्य यथासांग झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, मास्तरांचं काही मागे राहिलं नाही. मामीचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. "ह्यांचं अर्धंच झालंय," ती मला म्हणाली. इग्बो लोक माणसाला दोनदा पोचवतात. आधी मातीत, आणि मग कधीतरी, महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा, सगळं जमलं की वाजवून गाऊन. तोवर तो वाटेतच असतो. मामांच्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण यावरच आहे. "जन्म गेला ह्यांचा ते लिहिण्यात, आणि ह्यांना पोचवायला घरात एक मडकं नाही," मामी म्हणाली. मी तिला खोटा धीर दिला नाही. मला तो देता येत नाही. रिकाम्या फडताळासमोरून जाताना ती दर वेळी थांबायची... मग पुढे जायची.

काही आठवड्यांनी एका रविवारी मी तिथे असतानाच धर्मादादा आले. बरोबर त्यांची बायको, पारूवहिनी. दोघांच्या डोक्यावर पेंढा घातलेल्या पाट्या. ओसरीवर पाट्या उतरवून दादांनी पेंढा बाजूला केला. तीन मडकी. लहान, मधलं, मोठं. तिन्हींच्या कुशीत गोल भोक, कडा बोटाने फिरवून गुळगुळीत केलेली. न्गोझीच्या मडक्याइतकी मान त्यांना साधली नव्हती, मोठं तर एका बाजूला जरा कलंडलेलंच होतं. "मी त्या दिशी घरी असतो, तर तुमचं मडकं वाचलं असतं, वैनी," ते खाली बघत म्हणाले. "आनि ज्याच्यापायी मी भोक पाडत नव्हतो, त्ये तर होऊनच गेलं. आता कशाला अडवू?"

मामीने मोठ्या मडक्यावर तळवा मारला. कान लावून ऐकलं, पुन्हा मारला. मग मला मधलं दिलं, पारूवहिनींना लहान. "मला काय येतंय ह्यातलं," वहिनी म्हणाल्या. "येईल," मामी म्हणाली, "मला तरी कुठे येत होतं." दुपारभर ती आम्हाला मामांच्या त्या रचनेचे बोल म्हणून शिकवत राहिली. माझा हात सारखा चुकत होता. पारूवहिनींचा माझ्याआधी बसला, आणि त्याचंही मला वाईट वाटलं, खरं सांगते. उन्हं कलली तेव्हा ती रचना एकदाची आरंभापासून शेवटपर्यंत वाजली. धडपडत वाजली. मोठं मडकं जिथे एकटं वाजतं तिथे मामीने डोळे मिटून घेतले होते. धर्मादादा पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. वाजून संपल्यावरही ते वळले नाहीत.

मामीने उठून मोठं मडकं फडताळावर त्या धुळीच्या वर्तुळात ठेवलं. तिने ते पुसलेलं नव्हतं. मग ताटलीत सुपारी आणि मामांचा अडकित्ता घेऊन ती बाहेर आली आणि तिथेच घोटाळली. सुपारीशी बोलायचं ते पुरुषाने, आणि घरात आता पुरुष नव्हता. तिने ताटली धर्मादादांपुढे धरली. त्यांनी हात धोतराला पुसले, सुपारी उचलली आणि तळव्यावर धरली.

"मास्तर," ते सुपारीला म्हणाले, "मडकी दिली हायेत. उशीर झाला... पोटात घाला."

आणि त्यांनी अडकित्ता दाबला.